हळू बोला, खलाशी झोपलाय

तांडेलांचा आवाज ज्यांनी ऐकला नाही, त्यांना तो सांगून पटणार नाही. बुरोंडीच्या किनाऱ्यावरून त्यांनी हाक मारली की आत पाण्यात असलेल्या होडीवरचा माणूस मान वर करून बघायचा. धुकं धरलेल्या सकाळी होड्या परतायच्या वेळेला बायका त्यांनाच पुढे करत. ते वाळूत पाय रोवून, दोन्ही तळवे तोंडाशी धरून "होऽऽ" अशी लांबलचक साद घालत, आणि त्या आवाजाच्या रोखानं एकेक होडी बाहेर निघे. घरातही आवाज तेवढाच. त्यांनी बायकोला "चहा ठेव" म्हटलं की इकडे आमच्या घरात माझी सासू उठून चुलीकडे जायची.

असा हा माणूस आयुष्याची शेवटची काही वर्षं कुजबुजत बोलला, तो एका कुत्र्यापायी. त्यांना नाव होतं, पण ते कोणी वापरल्याचं आठवत नाही. होडीचा म्होरक्या तो तांडेल, आणि होडी सुटली तरी ते तांडेलच राहिले. मी त्यांना आबा म्हणायची.

मी त्यांची शेजारीण. नवरा लोट्याला केमिकल कंपनीत, पाळीप्रमाणे येणार-जाणार. सासू गेल्यापासून दिवसभर घरात मी आणि माझं शिलाई मशीन. आमच्या दोघांच्या पडव्यांमध्ये गुडघाभर उंचीचा चिऱ्याचा बांध, बस्स. त्यामुळे तांडेलांकडे आज काय शिजलंय नि कोण आलंय हे मला न विचारता कळायचं. आणि एक आधीच सांगून ठेवते, मला कुत्री आवडत नाहीत. अजूनही आवडत नाहीत. खलाशीची गोष्ट वेगळी.

खलाशी त्यांच्याकडे आला तो होडीतूनच. एकदा वारा फिरला म्हणून त्यांनी होडी जयगडच्या खाडीत घेतली होती. तिथलं एक तांबूस पिल्लू रात्री कधीतरी जाळ्याच्या ढिगात येऊन झोपलं, ते दुसऱ्या दिवशी पार आत समुद्रात गेल्यावर सापडलं. परत फिरणं शक्य नव्हतं. तांडेल म्हणाले, "आलाय तर खलाशी म्हणून ऱ्हाईल. फुकटात कोणाला नेत नाय मी." तेच नाव पडलं. पुढे तो होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक होडीवर भुंकायचा. तांडेलांच्या हिशेबी ते त्याचं काम होतं.

बायको गेली, मग गुडघे गेले. तांडेलांनी होडी पुतण्याच्या हवाली केली ती एका वाक्यात. "होडी तुझी, जाळी तुझी, खलाशी माझा." मुलगी मुंबईला. ती दर रविवारी फोन करून "आबा, इकडे या" म्हणायची आणि हे दर रविवारी सांगायचे, "खलाशाला लिफ्टीची भीती वाटते गो." त्या कुत्र्यानं जन्मात लिफ्ट पाहिली नव्हती. फोन ठेवला की दोघं पडवीत बसून समुद्राकडे बघत राहायचे. एकटा माणूस कशाच्या आधारानं दिवस काढतो ते मी तेव्हा रोज बघत होते.

त्याला पहिली आकडी आली ती भर सकाळी, वाळूवर. मासळी निवडणं चाललं होतं, मीही कालवणापुरतं घ्यायला गेले होते. खलाशी बायकांच्या टोपल्यांमधून फिरता फिरता एकदम थांबला, मान वाकडी करून कुठेतरी बघत राहिला आणि धाडकन कुशीवर पडला. चारी पाय ताठ झाले. मग ते जोरजोरात हलायला लागले, जणू पडल्या जागी पळतोय. दात कडाकड वाजत होते, तोंडातून फेस येत होता, खालची वाळू ओली झाली. डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हतं.

समोरच्या घरातली पारूवैनी ओरडली, "केंड खाल्लान! मेल्यानं केंड खाल्लान!" पारूवैनी दारोदार मासळी विकते, आळीत आवाजाच्या बाबतीत तांडेलांच्या खालोखाल तिचाच नंबर. केंड म्हणजे फुगणारा विषारी मासा. जाळ्यात आला की आमच्याकडे तो वाळूवर फेकून देतात, आणि तो खाऊन कुत्री-मांजरं तडफडून मरतात हे इथे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे कोणाला दुसरी शंकाच आली नाही. विषावर उतारा म्हणून काय द्यायचं तेही ठरलेलं, कोकमाचं आगळ. तांडेल वाळूला लागूनच असलेल्या माझ्या घरातून बाटली घेऊन आले, गुडघ्यांचं दुखणं विसरून वाळूत बसले, आणि दोन्ही हातांनी खलाशीचा जबडा फाकवून आगळ आत ओतायला लागले.

जबडा मिटला तो त्यांच्या हातावर. खलाशीला त्याचा पत्ताही नव्हता. थोड्या वेळानं पाय हलायचे थांबले, तो धडपडत उठला, शेजारच्या पालथ्या होडीवर जाऊन आपटला, फिरला, पुन्हा आपटला. तांडेलांनी हाक मारली तर त्यांच्याकडे परक्यासारखं बघून पुढे गेला. तोंडाला फेस, फेसात लालभडक आगळ, आणि तांडेलांच्या हातातून रक्त. आता केंड बाजूला राहिला. "पिसाळलाय! तांडेलांना चावलान!" असा एकच ओरडा झाला आणि कोणी काठी, कोणी वल्हं उचललं. पारूवैनीनं पोरांना मागे ओढलं. लोकांना मी दोष देणार नाही. मीही चार पावलं मागेच सरकले होते.

तांडेल खलाशीच्या आणि लोकांच्या मध्ये उभे राहिले. "ज्यानं काठी उचललान तेनं ती आधी माझ्या डोक्यात घालायची," एवढंच म्हणाले, पण त्या आवाजात म्हणाले. सगळे जागच्या जागी थांबले. त्यांनी खलाशीच्या गळ्यात दोर अडकवला आणि त्याला घरी नेऊन मागच्या पडवीत बांधला. तासाभरानं त्यानं शेपूट हलवून त्यांना ओळख दिली.

खलाशीला दापोलीच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायला त्यांनी मला बरोबर घेतलं. समुद्रात कधी न घाबरलेल्या माणसाला दवाखान्याची फार धास्ती. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी तांडेलांनाच सरकारी दवाखान्यात पाठवलं. "चावलाय ना? मग ती इंजेक्शनं आजच सुरू करायची, यात चालढकल नाही. आणि याला काही दिवस वेगळा बांधून नजर ठेवा." मग म्हणाल्या, "पण मला ही फीट वाटते, आबा. माणसांना येते तशी. पडायच्या आधी तो कसा होता? पडल्यावर किती वेळ चाललं? नंतर ओळखत होता का?" तांडेल एकेक आठवून सांगत होते. रक्त तपासून झालं, आणि पुढे अशाच आणखी दोन आकड्या आल्यावर गोळ्या सुरू झाल्या.

त्या पहिल्याच दिवशी बाईंनी जे बजावलं ते मला आजही तोंडपाठ आहे. फीट चालू असताना तोंडात बोट, चमचा, पाणी, काहीही घालायचं नाही. कुत्रा जीभ गिळत नाही. दाबून धरायचं नाही. आजूबाजूला लागेल असं काही असेल तर सरकवायचं, उजेड-आवाज कमी करायचा आणि घड्याळ बघायचं. "फीट पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा एकीतून शुद्धीवर न येताच दुसरी आली, किंवा एका दिवसात परत परत आली, तर घरी वाट बघत बसू नका. असेल तसा उचलून आणा. आणि खरंच विष खाल्ल्याचा संशय असला तरी काही पाजू नका, सरळ इकडे या."

तांडेलांनी बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि विचारलं, "म्हंजे मी आगळ ओतला तो?"

"श्वासनळीत गेला असता तर जीव गेला असता त्याचा."

परतताना रिक्षात खलाशी त्यांच्या पायांवर झोपला होता. पार घाट उतरून समुद्र दिसेपर्यंत ते चांगल्या हातानं त्याच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, "पोरी, मी तेला वाचवतोय म्हणून मारीत होतो गो." ते हळू बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य.

बाईंनी आवाज कमी ठेवायला सांगितलं होतं तो आकडीच्या वेळेपुरता. तांडेलांनी तो कायमचा हुकूम धरला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरात भांडं आपटलं गेलं नाही. रेडिओ माळ्यावर गेला. कोणी दारात येऊन "आहात काय तांडेल?" म्हणून ओरडलं की हे ओठांवर बोट ठेवून बाहेर येत आणि श्वासातल्या श्वासात म्हणत, "हळू बोला, खलाशी झोपलाय." बऱ्याचदा खलाशी त्यांच्यामागे टक्क जागा उभा असायचा. पुढे त्यांनी माझ्या मशीनवरही नजर वळवली. बांधापलीकडून हात हलवायचे, मी पाय थांबवायची. लग्नसराईच्या दिवसांत ब्लाउजांचा ढीग पडलेला, आणि मी एका कुत्र्याच्या झोपेसाठी हातावर हात ठेवून बसलेली! मनातल्या मनात मी त्यांना पुष्कळ बोलले आहे.

सगळ्यात जड गेलं पारूवैनीला. तिचा धंदाच ओरडण्याचा. "मी काय मासळीच्या कानात सांगू, चल गो बाजारात म्हणून?" ती म्हणायची. पण एकदा तिच्या डोळ्यांदेखत खलाशीला आकडी आली, आणि बाजूला जमिनीवर बसून राहिलेले तांडेल तिनं बघितले. आयुष्यभर दोर, सुकाणू, जाळं, सगळ्याला हात घालणारा तो माणूस स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. हात लावायचा नाही म्हणून. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर आणि ओठ हलताहेत. त्या दिवसापासून पारूवैनी आळीच्या तोंडाशी आली की टोपली सावरून गप्प चालायची आणि वळण ओलांडल्यावर "बांगडाऽऽ" सुरू करायची.

आकडी यायच्या आधीचं तांडेलांना ओळखता यायला लागलं. खलाशी उगाच घरभर फिरायचा, मग येऊन त्यांच्या गुडघ्याला अंग घासत राहायचा, आणि मोकळ्या कोपऱ्याकडे असा बघायचा की मलाही तिथे कोणी आहे की काय असं वाटायचं. तांडेल निमूट उठून स्टूल बाजूला घेत, खिडकी लोटत, पोतं अंथरत. "वारा सुटायच्या आधी पाणी बदलतं, तसं तेचं हाय," म्हणायचे. कधी कधी आकडी मुळी पूर्ण यायचीच नाही, नुसता एका बाजूचा ओठ फडफडायचा किंवा तो हवेतली माशी पकडावी तसं तोंड मारायचा. ते बघून मी हसले, तर म्हणाले, "हसू नको. ही धाकटी आकडी हाय. बाईंना सांगायला हवी."

बाईंनी आकडीचा व्हिडिओ मागितला होता. मी त्यांना मोबाइलवर बटण दाखवून दिलं. पुढच्या खेपेला त्यांनी मोठ्या अभिमानानं फोन पुढे केला. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत तांडेलांचा अंगठा होता. पाठीमागून फक्त आवाज, पंजे जमिनीवर घासल्याचा, आणि त्यांचा, अगदी हलका, "हाय रे बाबा, मी हाय, मी हितंच हाय." बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि फोन दोन्ही हातांनी परत दिला.

गोळी सकाळ-संध्याकाळ, बांगड्याच्या तुकड्यात लपवून. बाईंनी दर वेळी सांगितलेलं, "गोळी एकदम बंद करायची नाही. बरा दिसला तरी नाही. कमी करायची वेळ आली तर मी सांगेन, तीही हळूहळू." तांडेल मान हलवायचे. मुलगी मुंबईहून ओरडायची, "स्वतःची बीपीची गोळी विसरता आणि कुत्र्याची विसरत नाही!" ते खरंच होतं.

मग तो पावसाळा आला. आमच्याकडे पावसाळ्यात समुद्र बंद. होड्या वर ओढून शाकारून, म्हणजे झापांनी झाकून ठेवायच्या, इंजिन उतरवून, पुसून, तेल देऊन ठेवायचं, जाळी दुरुस्त करायची. ज्याला त्याला विसावा. खलाशीला त्या पावसाळ्यात एकही आकडी आली नाही. अंगानं भरला, पावसात भिजून यायचा, पुतण्याच्या पोरांबरोबर खेळायचा. तांडेलांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी तजेला बघितला. नारळी पौर्णिमेला ते त्याला घेऊन किनाऱ्यावर गेले, आणि नारळ सोडून आल्यावर मला बांधावरून म्हणाले, "पोरी, सुटला गो यातून." मीही हो म्हटलं. मला खरंच तसं वाटलं होतं.

होड्या सुटल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, ऊन पडलेलं, मी बटणं लावत बसले होते. पलीकडून ओळखीचा आवाज आला, पंज्यांचा. मी सवयीनं मशीनला हात लावला नाही. थांबेल म्हणून वाट बघितली. थांबला, आणि लगेच पुन्हा सुरू झाला. मी बांध ओलांडून गेले. तांडेल मांड्यांखाली हात घालून बसले होते, पण त्यांचे डोळे घड्याळावर नव्हते. "दुसरी हाय ही," म्हणाले. "मधे उठलाच नाय तो." आणि आम्ही दोघं बघत असतानाच तिसरी आली.

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आत्ता निघा." रिक्षावाला दापोलीला भाडं घेऊन गेलेला. पुतण्या समुद्रावर. रस्त्यावर एकच गाडी होती, बर्फ आणि मासळी भरून बंदरावरून निघालेला टेम्पो, आणि तो वळण घेऊन चढाला लागलाही होता. मी पळत सुटले, हात केले, पण इंजिनाच्या आवाजात मला कोण ऐकणार?

तेव्हा तांडेलांनी हाक मारली. अंगणात येऊन, पाय रोवून, दोन्ही तळवे तोंडाशी धरून. "होऽऽऽ". इतक्या वर्षांत न वापरलेला तो आवाज जसाच्या तसा बाहेर आला. आळीतली दारं उघडली. पारूवैनी हातातली सुरी तशीच घेऊन बाहेर धावली. चढावर टेम्पोचे लाल दिवे लागले आणि तो मागे मागे यायला लागला. आत खलाशीचे पाय चालूच होते. त्या हाकेनं त्याचा कानसुद्धा हलला नाही.

आम्ही त्याला चादरीत उचलून टेम्पोत ठेवला. अंग नुसतं तापलं होतं; पारूवैनीनं लुगड्याचं फडकं ओलं करून दिलं, ते मी त्याच्या पोटाला आणि पायांना लावत राहिले. घाट चढताना तांडेल माझ्याकडे न बघता बोलले. "आषाढात बंद केली मी गोळी. इंजनाला इसावा देतो, जाळ्याला देतो, माणसाला देतो. म्हटलं, एवढं रोज ते औषध जातंय पोटात, त्या पोटाला पण पावसापुरता इसावा नको? शाकारून ठेवली गोळी. दर्या सुटला की परत सुरू करायची होती. तवर तर बराच दिसला, म्हणून मग..."  मी ओलं फडकं पुन्हा खलाशीच्या पोटाला लावलं. त्यांनी त्याच्यावर माया केली ती त्यांना येत होती त्याच रीतीनं केली होती.

बाई दारातच उभ्या होत्या. शिरेत इंजेक्शन दिलं, मग आणखी एक, आणि खलाशीचे पाय अखेर थांबले. तांडेलांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी हलकेच नकारार्थी मान हलवली. "आता हात लावला तर चालंल?" त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. मग ते दोन्ही हात त्यांनी खलाशीच्या डोक्यावर ठेवले आणि ऊन उतरेपर्यंत काढले नाहीत. संध्याकाळी त्याचा श्वास थांबला. बाई एवढंच म्हणाल्या, "आबा, तुमच्याइतकं त्याला कोणी बघितलं नसतं." तांडेलांनी त्यांना हात जोडले. गोळी बंद केल्याचं त्यांनी येताक्षणीच सांगून टाकलं होतं. 

खलाशीला त्यांनी उंडीच्या झाडाखाली पुरला, जिथे पावसाळ्यात त्यांची होडी ठेवली जायची. आता ओरडायला मोकळीक होती, पण तांडेल हळूच बोलत राहिले. मशीन मी जोरात चालवलं तरी बांधापलीकडून हात हलत नव्हता. मीच मग मधूनमधून उगाच थांबायची. एकदा धुकं धरलं होतं आणि बायका त्यांना बोलवायला आल्या. ते गेले, वाळूत उभे राहिले, तळवे तोंडाशी नेले. आणि खाली घेतले. "नाय निघत गो," म्हणाले. त्या दिवशी पुतण्याच्या मुलानं ताट बडवून होड्या आणल्या.

पुढच्या पावसाळ्यात, होड्या झाकून ठेवलेल्या असताना, तांडेल झोपेतच गेले. आमच्याकडे माणूस गेलं की बायकांचं रडणं पार बंदरावर ऐकू जातं. पण तांडेलांच्या अंगणात सगळी आळी जमली आणि कोणाच्या तोंडून आवाज फुटेना. बायका पदर तोंडात धरून उभ्या. पुरुष एकमेकांशी खुणांनी बोलत होते. लाकडं आणणारे ती खाली ठेवतानासुद्धा हळू ठेवत होते. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

दुपारी मुंबईहून मुलगी आली. तिला या आळीची सवय कुठून असणार? उंबऱ्यात पाय ठेवला आणि तिनं टाहो फोडला, "आबाऽऽ!" तांडेलांचाच आवाज होता तो, त्यांच्याच गळ्यातला. पारूवैनी चटकन पुढे झाली, तिला पोटाशी धरलं, आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू गो बाय, खलाशी झोप..."

आणि तिथेच थांबली. तिनं पडवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ओठांवरचं बोट खाली आलं, आणि पारूवैनीनं जो हंबरडा फोडला त्याच्यामागून आमची सगळी आळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठमोठ्यानं रडली.